पालीची भीती आणि सुईची चक्कर: एका आईच्या प्रश्नाला उत्तर

नागपूरच्या नंदनवनमधून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांची मुलगी २२ वर्षांची. पालीला लहानपणापासून घाबरते, पण गेल्या तीन वर्षांत हे फार वाढलं. रात्री स्वयंपाकघरात एकटी जात नाही. बाथरूमला जायच्या आधी आईनं आत जाऊन चारही भिंती बघून द्याव्या लागतात. उन्हाळ्यात कूलर लावू देत नाही, कारण त्याच्या मागे पाल बसते. आता पुण्यात नोकरी लागली आहे, जानेवारीत रुजू व्हायचं आहे. पण राहायची खोली बघायला गेली तेव्हा भिंतीवर पाल दिसली आणि ती त्याच रात्रीच्या गाडीनं परत आली. शिवाय कंपनीला वैद्यकीय तपासणी हवी आहे, आणि रक्त काढताना ती बेशुद्ध पडते. मागच्या दिवाळीत मामानं "एकदाचं भेव मोडून टाकू" म्हणत झाडूवर पाल धरून तिच्यासमोर आणली. तेव्हापासून ती मामाकडे गेलेली नाही. ताई विचारतात: हे नाटक आहे, हट्ट आहे की आजार? गोळी सुरू करावी का? आणि या दोन भीती एकच आहेत का?

ताई, हे नाटक नाही आणि हट्टही नाही. मी २१ वर्षं नागपुरात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते आहे. पालीच्या भीतीनं रडकुंडीला आलेल्या इतक्या मुली, बायका आणि उशिरा का होईना पण सांगणारे पुरुषही पाहिले आहेत, की तुमच्या पत्रातली एकही ओळ मला नवी वाटली नाही. आधी आत जाऊन भिंती बघणारी आई तर जवळजवळ प्रत्येक घरात असते.

पालीची किळस बहुतेकांना असते. अंगावर पडली तर कोणीही किंचाळेल. त्याला फोबिया म्हणत नाहीत. भीती खऱ्या धोक्याच्या मानानं फारच मोठी असेल, ती गोष्ट दिसली की जवळपास दर वेळी उसळत असेल, सहा महिन्यांहून जास्त टिकली असेल आणि तिच्यापायी माणूस आपल्या आयुष्यातला एकेक तुकडा सोडून देत असेल, तर तो फोबिया. तुमच्या मुलीनं मामाचं घर सोडलं, नोकरी सोडायच्या बेतात आहे, मे महिन्यात कूलर सोडला. नागपुरात मे महिन्यात कूलर सोडणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. इतकं सोसायला लावणारी गोष्ट हट्ट कशी असेल?

अनेक देशांत झालेल्या सर्वेक्षणांत असं दिसलं आहे की शंभरातल्या साधारण सात जणांना आयुष्यात कधी ना कधी असा एखादा फोबिया होतो. बायकांत पुरुषांच्या जवळपास दुप्पट. प्राण्यांची भीती बहुधा शाळकरी वयातच लागते. ही माहिती तिला जरूर सांगा. आपल्यासारखे खूप आहेत हे कळल्यावर निम्मी शरम उतरते, आणि शरम उतरल्याशिवाय कोणी उपचाराला येत नाही.

भीती लागली कशी, हा प्रश्न सगळेच आधी विचारतात. कधी खरंच काही घडलेलं असतं: झोपेत अंगावर पाल पडली, भावानं फ्रॉकमध्ये टाकली. कधी मुलानं आईला किंचाळताना पाहिलेलं असतं, आणि तेवढं पुरतं. आपल्याकडे तर पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक असतं, पाल कुठल्या अवयवावर पडली तर काय फळ. घरातल्या पालीला विष नसतं, तरी ती विषारी आहे असं आपण सगळे ऐकत मोठे झालो. मनात शंकाही येते ती पालीसारखी चुकचुकत. अशा वातावरणात मूल पालीकडे निवांतपणे बघायला शिकेल कसं? पण अनेकांच्या बाबतीत कितीही शोधलं तरी मूळ प्रसंग सापडत नाही, आणि सापडला नाही तरी उपचारात काही अडत नाही. म्हणून मूळ खणण्यात महिने घालवू नका. विचारायचं ते हे: पंधरा वर्षांत शेकडो पाली पाहिल्या, एकीनंही काही केलं नाही, तरी भीती जात का नाही?

याचं उत्तर मौरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४७ मध्ये मांडलं, आणि आजही आम्ही त्याच्याच आधारानं काम करतो. तुमच्याच घरातलं उदाहरण घेऊ. बाथरूमच्या भिंतीवर पाल दिसते. छाती धडधडते, हातपाय थरथरतात, ती किंचाळून बाहेर येते आणि दार लावते. लगेच हायसं वाटतं. हे हायसं वाटणंच भीतीचं खतपाणी आहे. मेंदू नोंद करतो की पळालो म्हणून वाचलो. पळालो नसतो तर काय झालं असतं, हे त्याला कधी कळतच नाही. पुढच्या वेळी तो आणखी लवकर, आणखी लांबून पळायला सांगतो. आधी पाल पाहून पळ, मग पालीच्या जागेपासून पळ, मग पाल असू शकेल अशा गावापासून पळ. पुण्याहून परतीची गाडी पकडली ती अशी.

ताई, मनाला लावून घेऊ नका, पण आता सांगते ते तुमच्यासाठी आहे. तुम्ही आत जाऊन भिंती बघता तेव्हा तिला तेच हायसं तुम्ही देता. यात तुमचा दोष काडीचा नाही. लेकरू थरथरताना दिसलं की आई दुसरं काय करणार? पण तुमची ही माया आणि मामांचा तो धडा, दोन्ही बाजूंनी भीतीच वाढते. एकीकडे तिला पालीसमोर उभं राहायची वेळच येत नाही. दुसरीकडे ती वेळ तिला न विचारता, अंगावर फेकल्यासारखी येते. मामांचा हेतू चांगला होता, हे मी मानते. पण जबरदस्तीनं समोर धरलेल्या पालीपासून ती पळाली, म्हणजे शिकली काय? पाल तर भयंकर आहेच, शिवाय माणसांवरही भरवसा ठेवता येत नाही. मामांनी तिची साधी, मोकळी माफी मागावी. "गंमत केली होती" असं म्हणून नव्हे. उपचाराची तयारी म्हणूनच मी हे सांगते आहे.

उपचाराचं नाव एक्स्पोजर. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर ठरवून, स्वतःच्या मर्जीनं, पायरीपायरीनं जायचं आणि पुरेसा वेळ थांबायचं. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलाला, तो आवडीचं खात असताना ससा हळूहळू जवळ आणत, सशावरून हात फिरवण्यापर्यंत नेलं. १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी अंग सैल सोडण्याचा सराव आणि भीतीची शिडी यांची जोड घालून पद्धतशीर उपचार मांडला. पुढे लक्षात आलं की अंग सैल सोडणं सोबतीला चालतं, खरं काम करतं ते समोर जाणं आणि थांबणं. स्वीडनचे लार्स-योरान ऑस्ट यांनी १९८९ मध्ये दाखवलं की एकाच गोष्टीची भीती असेल तर फार तर तीन तासांच्या एका बैठकीतही पुष्कळ जण बरे होतात. फोबिया हा आमच्या क्षेत्रातल्या सर्वांत चांगल्या प्रतिसादाच्या आजारांपैकी एक आहे. तरीही लोक त्याच्यासाठी सर्वांत कमी येतात, आणि याचं मला दर वर्षी वाईट वाटतं.

बैठक कशी असते ते एका मुलीवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. महाल भागातलं जुनं घर, सागवानी तुळया, म्हणजे पालींना जागाच जागा. मुलगी बँकेत नोकरीला. पहिल्याच भेटीत मी तिला शब्द दिला: इथे अचानक काही होणार नाही, प्रत्येक पायरी आधी सांगेन, तू हो म्हटल्याशिवाय काही पुढे सरकणार नाही. मग तिला कागदावर लिहायला सांगितलं की पालीजवळ थांबलीस तर नेमकं काय होईल. तिनं लिहिलं: ती माझ्या अंगावर उडी मारेल, आणि मी वेडी होईन. किती खात्री? शंभरातले ९५.

आधी नुसता "पाल" हा शब्द कागदावर. हसू नका, त्यानंही तिचे हात गार पडले होते. मग चित्र, मग मोबाइलवर व्हिडिओ. पुढच्या भेटीत जाळीचं झाकण असलेली काचेची बरणी, आत खरी पाल. बरणी आधी खोलीच्या त्या टोकाला. प्रत्येक पावलानंतर मी विचारायची, भीती शंभरातली किती? ८०. थांबलो. ७०. थांबलो. मी तिला पालीचं वर्णन करायला लावलं, न्यायालयात साक्ष देतात तसं: रंग काय, बोटं किती, गळा कसा हलतो. वर्णन करायचं तर बघावंच लागतं, आणि आयुष्यभर तिनं पालीकडे कधी धड पाहिलंच नव्हतं. अर्ध्या तासानं ती म्हणाली, "मॅडम, हिचा श्वास माझ्यासारखाच जोरात चालला आहे."

मग जे व्हायला नको होतं ते झालं. बरणी सरकवताना पालीनं शेपूट टाकलं. ते तुटलेलं शेपूट बरणीत वळवळत राहिलं. ४० वर आलेली भीती क्षणात ९५. ती खुर्चीतून अर्धी उठली. मी म्हटलं, दार उघडं आहे, जायचं असेल तर जा. पण थांबू शकत असशील तर हे शेपूट किती वेळ हलतं ते आपण दोघी घड्याळ लावून बघू. ती थांबली. रडत थांबली, पण थांबली. वळवळ मंदावत मंदावत बंद पडली. घाबरलेली पाल जीव वाचवायला स्वतःचा तुकडा टाकून देते, हे मी तिला सांगितलं. ती बराच वेळ बरणीकडे बघत होती. मग तिनंच विचारलं, "शेपूट परत येतं ना हिचं?" येतं. ते ऐकल्यावर तिनं बरणी स्वतःच्या हातानं जवळ ओढली. कागदावरचे ९५ तिनं खोडून १० केले. ती पाल आम्ही दोघींनी मागच्या आवारात नेऊन सोडली.

तेवढ्यावर काम संपत नाही. माझ्या खोलीत गेलेली भीती घरी परत डोकं वर काढते, कारण मेंदू शिकतो ते त्या त्या जागेपुरतं शिकतो. म्हणून सराव घरी, नातेवाइकांकडे, दिवसा, रात्री, कोणी सोबत असताना आणि एकटीनं, सगळीकडे व्हावा लागतो. छोटे छोटे आधारही सोडावे लागतात. हातात झाडू, पायात चपला, कानाला आईचा फोन, खोलीत शिरताना टाळ्या वाजवणं, दारावर टांगलेलं मोरपीस. हे असेपर्यंत मेंदू श्रेय झाडूला देतो, स्वतःला देत नाही.

कुत्र्याची भीती असलेल्यांसाठी मात्र एक सांगणं. सराव लस टोचलेल्या, शांत, पाळीव कुत्र्यासोबतच करा. रात्री रस्त्यावरच्या टोळक्याजवळ कोणालाही पाठवू नका. तिथला धोका खरा आहे आणि तिथे सावध राहणं हा फोबिया नाही.

आता गोळीचं. फक्त पालीची, उंचीची, लिफ्टची भीती असेल तर रोज घ्यायच्या गोळीची सहसा गरज नसते. अल्प्राझोलमसारखी घबराट कमी करणारी गोळी कोणाच्या तरी सांगण्यावरून दुकानातून आणून दिली जाते, हे मी फार पाहते. तिनं तासाभरात बरं वाटतं, नाही असं नाही. पण श्रेय गोळीला जातं, शिकणं राहून जातं, आणि हळूहळू गोळीची सवय लागते. लोकांसमोर जायची तीव्र भीती, किंवा अचानक घाबरेपणाचे झटके येऊन घराबाहेरच पडता न येणं, हे वेगळे आजार आहेत. त्यांत मनोविकारतज्ज्ञ काही महिन्यांची औषधं देतात आणि त्यांचा चांगला उपयोग होतो. तुमच्या मुलीला पाल नसतानाही असे झटके येत असतील, किंवा ती कायम उदास असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.

तुमचा तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथेच सगळे चुकतात. उमेदवारीच्या काळात मीही चुकले होते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेला एक मुलगा, दर काही आठवड्यांनी रक्त तपासावं लागायचं, आणि सुई पाहिली की कोसळायचा. मी त्याला शिकवलं ते पुस्तकी: दीर्घ श्वास घे, अंग सैल सोड. तो अंग सैल सोडून माझ्यासमोर खुर्चीवरून घसरला. कपाळाला खोक पडली. ते दृश्य मी विसरलेले नाही.

पालीच्या भीतीत रक्तदाब आणि नाडी वाढते आणि वाढलेलीच राहते, म्हणून पाल पाहून सहसा कोणी बेशुद्ध पडत नाही. रक्त, जखम, सुई यांच्या भीतीत शरीर उलटं वागतं. आधी दाब थोडा वाढतो, मग एकदम कोसळतो, नाडी मंदावते, मेंदूला रक्त कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे घराण्यात चालत येतं, तुमच्याकडे आजोबा-काकांपैकी कोणी रक्त पाहून पडत असे का, विचारून पहा. अशा माणसाला अंग सैल सोडायला सांगणं म्हणजे पडणाऱ्याला ढकलणं. त्याला अंग आवळायला शिकवायचं असतं. ही रीतही ऑस्ट यांच्याच कामातून आली.

मुलीला खुर्चीत बसवा. दंड, पोट, मांड्या, पिंडऱ्या एकाच वेळी कडक आवळायच्या, चेहऱ्यावर ऊब चढल्यासारखी वाटेपर्यंत, साधारण १० ते १५ सेकंद. श्वास रोखायचा नाही. मग सोडायचं, पण गळून जायचं नाही, फक्त नेहमीसारखं व्हायचं. २०-३० सेकंदांनी पुन्हा. असं पाच वेळा, आणि दिवसातून पाचदा, किमान आठवडाभर. सराव झाल्यावर सिरिंजचं चित्र, रक्त काढतानाचा व्हिडिओ बघता बघता हेच करायचं. म्हणजे मळमळ, गार घाम ही पहिली खूण दिसताच दाब वर कसा आणायचा हे अंगवळणी पडतं.

तपासणीच्या दिवशी अर्धा तास आधी दोन ग्लास पाणी पाजा. उपाशीपोटीची तपासणी असली तरी साधं पाणी बहुधा चालतं, प्रयोगशाळेत विचारून घ्या. तिथल्या माणसाला आधीच सांगा, "ही बेशुद्ध पडते, झोपवून घ्या." सांगण्यात कमीपणा नाही, उलट ते आभार मानतात. ज्या हातातून रक्त काढायचं तो सैल, बाकीचं अंग आवळलेलं. झाल्यावर पाच-दहा मिनिटं पडून राहू द्या. मात्र ती रक्त-सुई नसतानाही बेशुद्ध पडत असेल, धावताना किंवा मेहनतीचं काम करताना पडली असेल, किंवा घरात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला असेल, तर आधी हृदयाची तपासणी आणि ईसीजी करून घ्या. सराव त्यानंतर.

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण खूप आहेत आणि त्यांना वारंवार रक्त तपासावं लागतं. त्यांतला कोणी सुईच्या भीतीनं तपासण्या टाळत असेल तर कृपया ही रीत त्याच्यापर्यंत पोहोचवा. टाळलेल्या तपासण्या त्याच्या जिवाशी येऊ शकतात.

कुठे जायचं? नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहेत आणि खर्च परवडणारा असतो. प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग चालतो. तिथल्या चौकाला अजून लोक पागलखाना चौक म्हणतात, आणि त्या एका नावापायी कितीतरी माणसं रिक्षा वळवून घरी जातात. तुम्ही वळवू नका. खासगीत जायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधा आणि पहिल्याच फोनवर विचारा: एक्स्पोजर प्रत्यक्ष करून घेता का? नुसतं बोलणं आणि श्वासाचे व्यायाम असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. जाणं जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं, दिवसरात्र.

घरी तुम्ही काय करायचं, तेवढं सांगून थांबते. भिंती बघणं आजच्या आज बंद करू नका, तो तिला दुसरा मामा वाटेल. तिच्याशी बसून ठरवा: या आठवड्यात आई चारऐवजी दोन भिंती बघेल, पुढच्या आठवड्यात दारातूनच बघेल, मग फक्त बाहेर उभी राहील. पाल दिसली आणि ती दोन मिनिटं जागेवर थांबली तर तिला सांगा की तू थांबलीस, मी पाहिलं. "एवढ्याशा पालीला काय भ्यायचं" हे वाक्य घरातून कायमचं जाऊ द्या.

आणि "दिवाळीनंतर बघू" म्हणून थांबू नका. नागपूरच्या थंडीत पाली दिसेनाशा होतात, भिंती रिकाम्या राहतात, आणि घरच्यांना वाटतं पोरगी बरी झाली. होळीनंतर पाली बाहेर येतात, भीतीही तशीच बाहेर येते. सध्या ऑक्टोबर चालू आहे, ट्यूबलाइटपाशी अजून दोन-तीन तरी असतील. तिला हो म्हणवून याच आठवड्यात कोणाची तरी वेळ घ्या, म्हणजे जानेवारीच्या आधी हाताशी आठ-दहा आठवडे मिळतील आणि सरावाला पालीही.